कागदावरचे ऐंशी

वाल्टेरी म्हणाला, हिचा पल्ला ऐंशी किलोमीटर.
मी विचारलं, उणे वीसमध्ये?
तो बॅटरीकडे बघत राहिला,
जणू उत्तर तीच देणार होती.
मग म्हणाला, चाळीस.
समोरून वारा असला तर तीस धरा.
तेव्हा मी कोट काढला आणि बसले.

ओउलूत सायकल कुणी शिकत नाही,
ती दातांसारखी आपोआप येते.
मलाही तशीच आली.
दात अजून बहुतेक आहेत,
डाव्या गुडघ्याने मात्र राजीनामा दिलाय.
गुडघ्याला बाशिंग बांधायचं वय कधीच सरलं,
आता निळा पट्टा बांधते, विजारीच्या आत,
लॉन्ड्रीत कुणाला दिसायला नको.

पहाटे पाचला बस नसते.
इस्पितळाच्या चादरी असतात,
रात्रभराच्या, गाठोडी बांधून,
माझी वाट पाहत.
घरापासून अकरा किलोमीटर, मध्ये दोन पूल,
आणि दुसऱ्या पुलावर समुद्राचा वारा
जकात घेतल्याशिवाय सोडत नाही.

केमीहून आउलिक्कीचा फोन.
मोटरची सायकल? म्हणजे हरलीस शेवटी.
कुणाशी, मी विचारलं.
पलीकडे ताईचा फक्त श्वास.
मग तिने लिंगनबेरीच्या मुरंब्याचं विचारलं.

पहिली काळी, सडपातळ, मागच्या चाकात मोटर.
पायडल मारलं की आधी विचार करते,
मग एकदम ढकलते,
आमच्या नव्या मॅनेजरसारखी.
दुसरीचे टायर जाडजूड, बर्फात रणगाडा.
दुकानाच्या एका पायरीवरून उचलून पाहिली,
एकतीस किलो.
पायरी जिंकली.
तिसरी हिरवी. तो हिरवा रंग
इस्पितळातल्या भिंतींचा, ज्याचा मला वीट आलाय.
पण मोटर तिची पायडलपाशी,
मी जितकं मागेन तितकंच देणारी,
आणि मागितलं कधी
हे माझं मलाही कळू न देणारी.
गोदीच्या चढावर दोनदा गेले.
दुसऱ्यांदा, उगाच.

छत्तीस हप्ते, पगारातून.
तोवर मी एकसष्ट.
सही करताना पेन थिजलं होतं,
वाल्टेरीने ते काखेत धरून गरम करून दिलं.
खिळ्यांचे टायर वेगळे पैसे.

तो म्हणाला, रोज रात्री बॅटरी काढून वर न्या.
तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हटलं.
साडेतीन किलो आहे फक्त, तो म्हणाला,
तिशीच्या माणसाचं 'फक्त'.
आणि एक सांगतो: बाहेरून आणल्या आणल्या
चार्जिंगला लावू नका.
थंडगार असते ती. आधी घराची ऊब लागू दे.
तासभर तरी तिला काही करायला सांगू नका.

मी मान हलवली.
एकतीस वर्षं कामावरून आल्या आल्या
बटाटे सोलत आलेय मी,
टोपीसुद्धा न काढता.

आता आम्ही दोघी
दाराशेजारच्या बाकावर बसतो.
ती बुटांच्या बाजूला, चटईवर.
मी दिवा न लावता.
बर्फ वितळून तिच्याखाली छोटंसं तळं साचतं,
माझ्याखाली दुसरं.

पहिल्या सकाळी उणे सतरा.
दुसऱ्या पुलावर वाऱ्याने हात पुढे केला,
आणि मी, नेहमीची गिऱ्हाईक,
त्याला नमस्कार करून पुढे निघाले.
गुडघा काही बोलला नाही.
म्हणजे बोलला असेल, टोपीतून ऐकू आलं नाही.

लॉन्ड्रीपाशी पोचले तर चौदा मिनिटं उरलेली.
या चौदा मिनिटांचं काय करतात, मला माहीत नव्हतं.
मागच्या भिंतीला वाफेची जाळी आहे,
तिथे रेइयो उभा होता, ड्रायरवाला,
हातात थर्मास.
नऊ वर्षांत आमच्यात झालेली बोलणी
एका बोर्डिंग पासवर मावतील.

लवकर आज, तो म्हणाला.
हो, मी म्हणाले.
त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे,
नेमका डाव्या.
आणि झाकणात कॉफी ओतली,
जाळीसमोरून जरा सरकला,
एका माणसापुरता.